खाड्याची किंमत

अनेक मराठी घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही चौकोनांवर फुल्या मारलेल्या दिसतात. दूधवाला कोणत्या दिवशी आला नाही, धुणेभांडी करणाऱ्या बाई कोणत्या दिवशी आल्या नाहीत, याची ती नोंद असते. या फुलीला आपण ‘खाडा’ म्हणतो. महिनाअखेरीस फुल्या मोजल्या जातात आणि तेवढे पैसे वजा होतात. घरच्या बाई मनाने मोठ्या असतील तर होत नाहीत. त्या दिवशी मूल तापाने फणफणले होते की कंबर धरली होती, हे लिहिण्याइतकी जागा चौकोनात नसते.

महाराष्ट्रातील उसाच्या फडात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तेथे खाडा म्हणजे केवळ बुडालेली मजुरी नव्हे. एक दिवस कामावर न येणाऱ्याने त्या दिवसाची मजुरी तर गमवायचीच, शिवाय मुकादमाला वरून दंड भरायचा. हा दंड पाचशे रुपये किंवा त्याहूनही अधिक असतो. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी, घरातील मृत्यू, यांपैकी कोणतेही कारण दंड टाळण्यास पुरेसे ठरत नाही. हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो रिवाज आहे. आणि कायद्यापेक्षा रिवाज किती बलवान असतो हे पाहावयाचे असेल, तर या एका शब्दाचा माग काढावा.

कामाच्या ठिकाणची सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिरस्त्राण, हातमोजे, आग विझवण्याचे नळकांडे आणि ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी येते. या गोष्टी हव्यातच. परंतु त्या वापरात येतील की नाही, हे त्या ठिकाणच्या रीतीवर ठरते. चंदीगडमधील मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारातले एखादे दुकान घ्या, किंवा आपल्या गावच्या बसस्थानकामागचे गॅरेज घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्यापूर्वी आधाराची घोडी लावावी, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. पण उस्तादच घोडी न लावता खाली सरकत असेल आणि घोडी शोधणाऱ्या पोऱ्याला सर्वजण ‘भित्रा’ म्हणून हसत असतील, तर तो पोऱ्या चार दिवसांत घोडी शोधणे सोडून देतो. घोडी कोपऱ्यात असतेच; ती मागण्याची सोय उरलेली नसते. ‘कामाची संस्कृती’ असे भारदस्त नाव आपण ज्याला देतो, ते मुळात एवढेच असते: या ठिकाणी काय बोलले तर चालते, आणि काय बोलले तर त्याची किंमत मोजावी लागते.

ऊसतोडणी कामगारांइतकी ही किंमत उघडपणे मोजणारा दुसरा वर्ग महाराष्ट्रात क्वचितच असेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून बिऱ्हाडे निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही जातात. चैत्र लागेपर्यंत ती परतत नाहीत. या कामगारांची संख्या सुमारे दहा लाख असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. निघण्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती तोडणी करून फेडायची असते. उचल एकट्या माणसाला सहसा मिळत नाही. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवांना मिळून एका अवजाराचे नाव दिले जाते, यावरूनच त्या व्यवस्थेत माणसाकडे कसे पाहिले जाते ते समजावे.

पहाट होण्यापूर्वीच फडात काम सुरू होते. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते. मग तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, कधी फळीवरून तोल सांभाळत, ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. त्याआधी आणि त्यानंतर पाणी भरणे, भाकरी भाजणे, मुलांना सांभाळणे ही कामे आहेतच. राहण्यासाठी पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. मासिक पाळीत कपडा बदलण्यासाठी आडोसा नाही. अशा स्थितीत जननमार्गाचे संसर्ग होणे यात आश्चर्य नाही. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, रक्तस्राव थांबत नाही. पण दवाखान्यात जायचे तर दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खाडा पडतो. ‘दादा, आज उभं राहवत नाही,’ असे बाईने मुकादमाला सांगितले तरी उत्तर बहुधा हिशेबाच्या वहीतच मिळते. जोडीतील एक बसला तर दुसऱ्याचे कामही अर्धवट राहते. त्यामुळे पुष्कळदा तिला उठवणारा आवाज मुकादमाचा नसतो, नवऱ्याचा असतो. आणि त्या नवऱ्यालाही दोष देऊन मोकळे होता येत नाही, कारण उचल दोघांच्या नावावर असते.

दुखणे हंगामभर अंगावर काढलेली ही बाई गावी परतते तेव्हा खासगी दवाखान्यात तिला सांगितले जाते, ‘पिशवी काढून टाका.’ पिशवी म्हणजे गर्भाशय. सोबत कर्करोगाची भीतीही घातली जाते. दोन-तीन मुले झालेली असतात. पाळीचा त्रास कायमचा जाईल, पुढच्या हंगामात खाडे पडणार नाहीत, असा हिशेब तीही करते. शस्त्रक्रियेचा खर्च भागवण्यासाठी पुन्हा कर्ज किंवा उचल घेतली जाते.

२०१९ च्या उन्हाळ्यात या प्रकाराला वृत्तपत्रांतून वाचा फुटली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे हे मान्य केले, तरी एवढी तफावत केवळ पद्धतीने पडत नाही. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर ऐन उमेदीत हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कंबर आणि गुडघे हेच जिचे भांडवल, तिच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा ठरतो.

या प्रकरणात सर्वांचा राग स्वाभाविकपणे डॉक्टरांवर निघाला. विनाकारण शस्त्रक्रिया करणाऱ्यांना दोष दिलाच पाहिजे. बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देऊन राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करण्यास सांगितले. हे सारे आवश्यकच होते. पण डॉक्टरच्या खोलीत घेतला जाणारा निर्णय अर्धाअधिक फडातच झालेला असतो, ही गोष्ट त्या रागात नजरेआड झाली. परवानगीची अट शस्त्रक्रिया थांबवू शकते. पोटातले दुखणे आणि वहीतला खाडा थांबवू शकत नाही. शस्त्रक्रिया नाकारली गेलेली बाई पुढच्या हंगामात तेच दुखणे घेऊन त्याच फळीवरून मोळी चढवते. तिचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही, म्हणून आपण प्रश्न सुटला असे समजायचे काय?

येथे इतिहासातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वाचून मान खाली जाते. १८८४ साली मुंबईत, महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या होत्या. आणखी एक मागणी होती: काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. यांपैकी रविवारची सुट्टी मिळायला जून १८९० उजाडावा लागला. आज आपल्याला रविवार सूर्योदयाइतका नैसर्गिक वाटतो. तो मागून घेतलेला आहे. पण मला अधिक विचार करायला लावते ती ती दुसरी मागणी. कामावर जखमी झालेल्या माणसाला पूर्ण पगार द्या, असे मुंबईचे कामगार १८८४ मध्ये म्हणत होते. त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी त्याच राज्यात आजारी माणूस दंड भरतो आहे.

‘हे काम हंगामी, फिरते आणि टोळ्यांनी करायचे, त्याला रजा, भविष्यनिर्वाह निधी असल्या गोष्टी कशा लागू करणार?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न वरवर रास्त आहे. पण हमालांबद्दलही एकेकाळी हेच म्हटले जाई. मुंबईच्या धान्यबाजारात, लोखंड बाजारात, कापडबाजारात पाठीवर ओझी वाहणारे माथाडी असेच टोळ्यांनी काम करीत. आज या व्यापाऱ्याकडे तर उद्या त्या; त्यामुळे मालक कोण हेच ठरत नसे, आणि मालक ठरत नसल्याने जबाबदारीही कोणाची नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यातील युक्ती साधी आहे. कामगार आणि व्यापारी दोघांनीही एका मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्के अधिक रक्कम मंडळाकडे भरायची. आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय मदत द्यायची. मालक रोज बदलला तरी मंडळ बदलत नाही. माथाडी मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, त्यांच्या नावाखाली खंडणी मागणारेही निघाले, हे खरे. तथापि ओझे वाहणाऱ्या माणसाला आजारी पडण्याची सोय करता येते, हे या राज्याने एकदा करून दाखवलेले आहे.

ऊसतोडणीत मात्र जबाबदारी हातातून निसटत जाते. साखर कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक कंत्राटदाराशी. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी स्वतः कर्ज काढून उचल वाटली आहे. टोळी पळाली तर माझे घर बुडते. त्याचेही अगदी खोटे नसते. कारखान्याचीही अडचण खरी आहे: तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्यातील साखर घटते आणि शेतकऱ्याचेही नुकसान होते. पण एवढी सर्व अडचण मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा की, या साखळीतील प्रत्येकाचा धोका खाली-खाली ढकलत अखेर तो सर्वांत कमी कमावणाऱ्या बाईच्या पोटात का जाऊन बसावा?

ज्या ठिकाणी तोंड उघडण्याचा दंड असतो, तेथे केवळ आजारच लपवले जातात असे नाही. धोकेही लपवले जातात. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगार संघटना तक्रार करीत होत्या. १९८२ मध्ये राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या साप्ताहिकातून शहराला उघड इशारा दिला. कोणी ऐकले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली, तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. हजारो माणसे गेल्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून, जिवाला तातडीचा धोका दिसल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगारांना देण्यात आला. त्या अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. हक्क कागदावर आला. पण सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतले जाईल काय, हे कागद ठरवत नाही. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यांत मोटारींच्या जुळणीच्या रांगेवर एक दोरी लोंबत असे. काही चुकते आहे असे वाटले तर अगदी साध्या कामगारानेही ती ओढायची. वरिष्ठ धावून येत आणि गरज पडल्यास सारी रांग थांबे. पुढे बऱ्याच ठिकाणी दोरीच्या जागी बटन आले. दोरी काय, बटन काय, कोणालाही विकत आणता येते. ती ओढणाऱ्यावर डोळे वटारायचे नाहीत, ही सवय मात्र विकत मिळत नाही.

शिकल्या-सवरल्यांची कचेरी या बाबतीत फडापेक्षा फार वेगळी आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेतील सव्वीस वर्षांच्या तरुणीचा, नोकरी लागून चारच महिने झाले असताना, मृत्यू झाला. कामाच्या अतोनात ताणाची तक्रार करणारे तिच्या आईचे पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. मृत्यूच्या कारणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. संस्थेने हा आरोप नाकारला होता. परंतु त्या पत्रानंतर असंख्य तरुणांनी ‘आमच्याकडेही हेच चालते’ असे जे बोलून दाखवले, ते खोटे मानता येणार नाही. तेथे खाड्याचा दंड रुपयांत नसतो. रात्री नऊला उठणाऱ्याकडे सहकारी ज्या नजरेने पाहतात, तोच तेथला दंड. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला पंचावन्न तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. आपल्याकडे मात्र जागरण हीच निष्ठा समजली जाते. कचेरीतल्या माणसापाशी निदान राजीनामा देण्याचा मार्ग असतो. उचल घेतलेल्या कोयत्याला तोही नाही.

म्हणून पुन्हा फडाकडेच वळू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दोघांचे मिळून सव्वासातशेच्या आसपास होतात. पाचशेचा खाडा म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या कमाईहून अधिक दंड. दरवाढीवर संप होतात, बैठका होतात, बातम्या येतात, आणि ते योग्यच आहे. खाड्यावर मात्र एवढा गाजावाजा होत नाही. कदाचित दराचा प्रश्न पुरुषांना बोलता येतो आणि पाळीचा येत नाही, म्हणून असेल.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे आणि गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी त्यासाठी दहा रुपये द्यावेत असे ठरले आहे. राज्यात एका हंगामात साडेआठशे लाख टन ऊस गाळला गेला असे धरू. चांगल्या वर्षी हा आकडा याहून पुष्कळ मोठा असतो. टनाला दहा रुपयांप्रमाणे पंच्याऐंशी कोटी रुपये होतात. दहा लाख कामगारांत ते वाटले तर दरडोई साडेआठशे. आजच्या दराने ही साधारण दोन दिवसांची मजुरी झाली. या निधीतून वसतिगृहे आणि विमाही व्हावयाचा आहे, तेव्हा सगळाच पैसा रजेसाठी मिळणार नाही, हे उघड आहे. पण टनामागे आणखी दहा रुपये, म्हणजे किलोमागे एक पैसा, वाढवला तर पाच-सहा महिन्यांच्या हंगामात प्रत्येक बाईला आणि बाप्याला दोन दिवस आजारी पडता येईल, आणि त्या दोन दिवसांची मजुरी मुकादमाच्या वहीतून नव्हे, महामंडळाच्या खात्यातून येईल. हंगामी करारनाम्यात खाड्याचा दंड बेकायदा ठरवणारे एक वाक्य घालण्यास तर तेवढाही पैसा लागत नाही. ते वाक्य कारखान्याने घालायचे, कारण गाळपाचा परवाना त्याच्या नावावर असतो.